गोवर्धनात उतरलेलं वऱ्हाड

जानेवारी उजाडला की नाशिकच्या गंगापूर रोडवर दोन हंगाम एकदमच सुरू होतात. मांडवाचं सामान, झेंडूच्या करंड्या, केटररची पातेली घेऊन टेम्पो गंगापूर धरणाच्या दिशेने निघतात आणि तिकडून द्राक्षांच्या कॅरेटनी भरलेले पिकअप शहराकडे येतात. लग्नसराई आणि द्राक्षकाढणी, दोन्ही मार्चपर्यंत जोरात. सोमेश्वर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना लॉन्स आणि रिसॉर्ट दिसू लागतात, आणि त्यांच्या कुंपणाला लागून बागा. आमच्या आतेबहिणीच्या मुलीचं लग्न गेल्या फेब्रुवारीत याच पट्ट्यात झालं. मुलगी ठाण्याची, मुलगा पुण्याचा. दोन्ही घरांना तीन-चार तासांत पोहोचता येईल, थंडी असेल, मोकळी जागा असेल आणि सगळं वऱ्हाड एका आवारात राहील, असा विचार करून नाशिक ठरलं.

अशा लग्नांचा कार्यक्रम आता ठरून गेला आहे. शनिवारी संध्याकाळी हळद, रात्री संगीत, रविवारी गोरज मुहूर्त, मग पंगत आणि पाठवणी. मधली अख्खी सकाळ आणि अर्धी दुपार रिकामी. त्या वेळात वऱ्हाड काय करतं? उशिरा उठतं, लांबलचक नाश्ता करतं, पोहण्याच्या तलावाकाठी फोटो काढतं आणि खोलीत जाऊन मोबाइल चाळतं. मला हे पाहून मनापासून हळहळ वाटते. यजमानाने एवढा खर्च करून माणसं एका जुन्या, संपन्न मुलखात आणलेली असतात आणि त्यांना तो मुलूख फाटकाबाहेरून जाताना गाडीच्या काचेतून दिसला तेवढाच. आपण कुठल्या गावाच्या शिवारात उतरलो आहोत, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं.

आम्ही उतरलो होतो ते शिवार गोवर्धनचं. सुला वाइनरीचा पत्ताही याच गावाचा आहे. आणि हे नाव दगडात कोरलेलं पाहायचं असेल तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पांडवलेण्यांकडे जावं लागतं.

रविवारी सकाळी आम्ही काहीजण तिकडे गेलो. गाडीत माझी आत्या, मुलाकडचे एक काका (आयुष्य बँकेत गेलेले) आणि कॉलेजात शिकणाऱ्या दोन भाच्या. डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि तिथून पायऱ्यांची वाट वर चढते. रमतगमत चढलं तरी अर्ध्या तासात लेण्यांपाशी पोहोचता येतं. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. चोवीस लेणी एका ओळीत, उत्तरेकडे तोंड करून खोदलेली. पांडवांशी यांचा संबंध नाही; ही बौद्ध भिक्खूंची वस्ती, आणि यातली बरीचशी इसवी सनाच्या आगेमागे खोदली गेली.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभं राहिलं की डोळे आधी खांबांवर जातात. घंटेच्या आकाराची शीर्षं आणि त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. पण खरा खजिना मागच्या भिंतीवर, छताखाली आहे. ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं खोदवून भिक्खूंना दिलं आणि आपल्या दानांची यादीच तिथे कोरून ठेवली. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही यादी. गाई दिल्या, गावं दिली, नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली. भरुकच्छ, दशपुर, शूर्पारक आणि गोवर्धन या चार ठिकाणी प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहं बांधली, विहिरी आणि तळी खोदली, बागा लावल्या. म्हणजे ज्या गावात आमचं वऱ्हाड उतरलं होतं, तिथे परगावच्या माणसांची उतरायची सोय करणारा एक यजमान एकोणीस शतकांपूर्वी होऊन गेला आणि त्याची नोंद आजही डोळ्यांनी पाहता येते. त्याच यादीत आणखी एक दान आहे. प्रभास तीर्थी त्याने आठ ब्राह्मणांना भार्या दिल्या, म्हणजे आठ लग्नांचा खर्च उचलला असं अभ्यासक मानतात. आत्याला हे फार आवडलं. दुसऱ्याच्या लेकीबाळींची लग्नं लावून देणं आमच्या पिढीपर्यंत पुण्याचं काम होतं, असं ती म्हणाली, आणि तिच्या माहेरच्या वाड्यातल्या तीन लग्नांची हकिगत तिने तिथेच उभ्या उभ्या सांगितली.

बँकेतले काका मात्र दुसऱ्या एका ओळीत रमले. उषवदाताने या लेण्यासाठी तीन हजार कार्षापणांचं (कार्षापण म्हणजे त्या काळचं नाणं) कायमचं दान दिलं होतं. ती रक्कम त्याने रोख दिली नाही, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी द्यायचे. काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. पै न पै जुळते. त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू आपल्याच शाखेतली जुनी खातेवही कुणीतरी उघडून दाखवली. विणकरांवर एवढा विश्वास टाकणारा राजपुरुष आणि तो विश्वास पेलणारे गोवर्धनचे विणकर, या दोघांबद्दल ते परतीच्या वाटेवर बोलत राहिले.

याच लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिच्या दानाचाही लेख आहे. एक ओवरी तिच्या नावाची आहे. नवरा-बायकोची नावं एकाच ओसरीत, स्वतंत्र दाते म्हणून. लग्नाला आलेल्या माणसांनी पाहावं असं याहून चांगलं ठिकाण मला सुचत नाही. त्याच ओळीतलं तिसरं लेणं गौतमी बलश्रीचं. ते खालून सहा गणांनी खांद्यावर तोलून धरलं आहे आणि आतल्या लेखात या राजमातेने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, भरभरून कौतुक केलं आहे. नहपानाचं घराणं त्यानेच संपवलं. जेत्याच्या आईचं लेणं आणि हरलेल्याच्या जावयाचं लेणं एकाच डोंगरात, दोन्ही शाबूत.

नाशिकच्या वाइनची गोष्ट सांगताना सगळे अलीकडच्या काही दशकांपासून सुरुवात करतात. ते बरोबरच आहे, कारण इथली वाइन तेवढीच जुनी. पण उषवदाताच्या यादीतल्या भरुकच्छाकडे, म्हणजे आजच्या भरूचकडे, एकदा पाहायला हवं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या वाटाड्या-पुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, त्या बंदरात काय काय उतरतं याची यादी आहे आणि तिच्यात सुरुवातीलाच वाइन येते, त्यातही इटलीची पसंतीची. पैठण आणि तेरचा माल याच बंदराकडे जायचा. नेवाशाच्या उत्खननात रोमन घाटाच्या कुंभांचे तुकडे निघाले. सातवाहनांच्या काळातला श्रीमंत माणूस इटलीची वाइन मागवत होता आणि आज इटलीच्या वाणाची द्राक्षं निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीत पिकतात. ‘रेव्हेलो’च्या बागेत सान्जिओवेसे आणि नेरो दाव्होला हे वाण लावले आहेत. मधल्या काळात किती काय घडून गेलं, तरी ही देवघेव मला फार आपलीशी वाटते.

वाइनरी पाहायला जायचं तर पहाटे जावं. हे मी आग्रहाने सांगते, कारण बहुतेक पाहुणे संध्याकाळी जातात, मावळतीच्या उन्हात पेला धरून फोटो काढतात आणि परत येतात. त्यांना बाग दिसतच नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी, वऱ्हाड पोहोचायच्या आत, एका ओळखीच्या बागायतदाराने मला त्याच्या बागेत नेलं. तो एका वाइनरीशी करार करून वाइनची द्राक्षं पिकवतो. उजाडायच्या आधीच तोडणी सुरू झाली होती. डोक्याला बॅटऱ्या बांधलेल्या बाया-माणसं ओळीओळीने पुढे सरकत होती. डाव्या हातात घड धरायचा, उजव्या हातातल्या कात्रीने देठ कापायचा, पान आणि कच्चे मणी झटकायचे आणि घड कॅरेटमध्ये ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. मणी फुटला की रस सुटतो, ऊन लागलं की तो आंबायला लागतो आणि वाइनरीच्या दारात पोहोचेपर्यंत माल खराब झालेला असतो. म्हणून सगळी घाई ऊन चढायच्या आत. तोडणी करणाऱ्यांत बरेचजण पेठ आणि सुरगाण्याकडचे आदिवासी होते. हंगामापुरते येतात, बागेच्या कडेलाच राहतात. वाइनच्या कौतुकात यांचं नाव कुठे येत नाही. त्या कौतुकाचा पहिला मान मात्र त्यांचा आहे, असं मला वाटतं.

“ताई, हा मणी खा. पण बी थुंकू नका, चावा,” बागायतदार दादा म्हणाले. शिराझचा घड होता. घड लहान, मुठीत मावेल एवढा, मणी काळेशार आणि वाटाण्याएवढे. साल जाड. आधी इतका गोडवा आला की घसा बसावा, मग सालीचा तुरटपणा, आणि बी चावली तेव्हा हिरड्या आवळल्या. दादांनी समजावून सांगितलं. खायच्या द्राक्षाला साल पातळ लागते, बी नको असते आणि मणी मोठा हवा. त्यासाठी विरळणी करायची, जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग करायचं, घड वाढवायचा. वाइनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानाने साल जास्त. खायचं द्राक्ष सतरा-अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) काढलं तरी चालतं. हे बावीस-चोवीसपर्यंत वेलीवर थांबवायचं, कारण त्याच साखरेचं पुढे अल्कोहोल होणार. उत्पन्न एकरी निम्म्यावर येतं. भाव मात्र आधी ठरलेला असतो, आणि दादांच्या मते सगळी मेख तिथेच आहे. व्यापारी बागेत येऊन सौदा करतो, अर्धा माल तोडतो आणि गारपिटीची बातमी आली की फोन उचलत नाही, हे द्राक्षवाल्यांच्या वाट्याला दर काही वर्षांनी येतं. करारात तो घोर नाही.

युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणून तिची छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यावर पुढच्या वर्षाची काडी तयार होते, आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, जिच्यावर घड येतात. त्यानंतर साडेचार-पाच महिने माणसाचा जीव टांगणीला. डावणी, भुरी, करपा, अवकाळी, गारा. निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो तेव्हा बागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात, नाहीतर मणी तडकतात. पण दिवसाचं ऊन आणि रात्रीची ही थंडी यांतल्या अंतरामुळेच नाशिकच्या द्राक्षात गोडी येते आणि आंबटपणाही टिकतो. वाइनला दोन्ही लागतात. सुमारे सहाशे मीटरची उंची, पाण्याचा निचरा करणारी मुरमाड जमीन आणि गोदावरीचं पाणी, एवढ्या भांडवलावर हा सगळा पसारा उभा आहे.

या पसाऱ्याची सुरुवात खरं तर पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगावला झाली. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेजने तिथे फसफसणारी वाइन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही विकली. नाशिकमध्ये राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर परतले. १९९७ मध्ये त्यांनी सोव्हिन्यों ब्लां आणि शनां ब्लां या पांढऱ्या वाणांची लागवड केली आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. नाव आईचं, सुलभाताईंचं. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, उत्पादनशुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. मग धडाधड वाइनरी निघाल्या. काही टिकल्या. गंगापूर रोडवरचं ‘यॉर्क’ पुढे सुलानेच घेतलं, दिंडोरीत २०१३च्या सुमारास फ्रेंच ‘शांदों’ आलं, आणि इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाजवळ ‘व्हॅलोन’ आणि ‘ग्रोव्हर झांपा’ आहेत. पण बऱ्याच टिकल्या नाहीत. २००८च्या मंदीनंतर माल पडून राहिला, इंडेज कोसळली, छोट्या वाइनरींनी द्राक्षं घेणं बंद केलं. शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. आमच्या दादांनीही तेव्हा दोन एकर शिराझ उपटली होती. त्या वर्षांबद्दल ते तुटक बोलले. वेल उभी करायला दोन-तीन वर्षं लागतात आणि उपटायला एक सकाळ पुरते, एवढंच म्हणाले.

बागेनंतर वाइनरीची इमारत. दुपारी पुन्हा घरच्या मंडळींना घेऊन गेले तेव्हा आत काढणीचीच धांदल होती. कॅरेट रिकामे होतात, यंत्र देठ वेगळे करतं. पांढऱ्या वाइनची द्राक्षं लगेच दाबतात, फक्त रस पुढे जातो आणि थंड केलेल्या स्टीलच्या टाक्यांत सावकाश आंबतो. लाल वाइनचा रस सालींसकट आंबवतात. सालींचा थर वायूने वर येऊन तरंगतो आणि तो दिवसातून दोन-तीनदा खालचा रस वर फिरवून भिजवावा लागतो. त्या वेळी टाकीपाशी उभं राहिलं तर कोवळ्या वाइनचा वास नाकात झणझणतो. खाली लाकडी पिंपांच्या खोलीत मात्र गारवा आणि ओकच्या लाकडाचा, थोडासा व्हॅनिलासारखा वास. मार्गदर्शक मुलगी निफाडची होती. वडील द्राक्षबागायतदार, हिने वाइनचं शिक्षण घेतलं आणि घराजवळच नोकरी मिळवली. ती बोलत होती मराठीत आणि भाच्यांच्या प्रत्येक प्रश्नाला आधी बागेतलं उत्तर देत होती, मग टाकीतलं. फसफसणारी वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा कशी आंबवतात, बाटल्या उलट्या करून गाळ मानेशी कसा आणतात आणि तो गोठवून कसा काढतात, हे तिने हातवारे करून दाखवलं तेव्हा आत्याही पुढे सरकली.

चाखण्याच्या टेबलावर क्रम ठरलेला असतो. फसफसणारी, मग पांढरी, गुलाबी, लाल, शेवटी गोड. प्रत्येकीचा घोटभर. नको असेल तर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरण्यात काही वावगं नाही. जाणकार तेच करतात. मुलाच्या काकांनी शनां ब्लां चाखून पेरूचा वास येतो असं सांगितलं, ते अगदी बरोबर होतं. आत्याने काहीच चाखलं नाही. तिने माळकरी घरातल्या सुनेला शोभेल असं ठाम नको म्हटलं, ताज्या द्राक्षांचा रस घेतला, आणि तरीही त्या दुपारी सगळ्यांत जास्त प्रश्न तिनेच विचारले.

इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. वाइन म्हणजे फळांचा रस नव्हे. तिच्यात बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं आणि ते लपवून तिचं गुणगान करणं अप्रामाणिकपणाचं आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा दारूबंदीच्या चळवळीतल्या माणसांनी विरोध केला, अण्णा हजारे उपोषणाला बसायला निघाले, आणि तो निर्णय मागे पडला. एकीकडे द्राक्षवाल्यांचं हित, दुसरीकडे दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांचा अनुभव. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. म्हणूनच माझं म्हणणं असं, की वाइनरीत जाणं म्हणजे पिणं हे समीकरण वऱ्हाडाने मोडावं. न पिणाऱ्यांनी आवर्जून जावं. तिथे एक पीक आहे, त्यामागे मातीचं, हवामानाचं आणि बाजाराचं शास्त्र आहे, शेकडो माणसांचे हात आहेत. आणि जे पिणार त्यांनी गाडी चालवू नये. लग्नघराने त्या दिवसासाठी चालकासह गाडी ठरवून द्यावी. रुखवताच्या खर्चात ती सहज बसते.

लग्न झालं. मुहूर्ताला सूर्य धरणामागे उतरत होता, मंगलाष्टकं नातेवाइकांनीच म्हटली, पंगतीत वांग्याची भाजी आणि मांडे होते. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण सुंदर लग्नं सगळीकडे होतात.

पाठवणीनंतर घाई नसलेल्यांनी थांबून एक दिवस पूर्वेकडे काढावा, असं मी सुचवलं आणि दोन गाड्या भरल्या. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निफाड ओलांडलं की उजव्या हाताला नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या जुन्या बंधाऱ्यामुळे झालेलं हे पाणथळ २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. हिवाळ्यात लांबवरून आलेली बदकं, करकोचे, रोहित इथे उतरतात. पाणी उथळ आणि गाळाचं असतं आणि द्राक्ष-कांद्याच्या शेतांना लागून असतं, त्यामुळे त्यांना खायला भरपूर. इथेही सकाळीच पोहोचायचं. आमच्यातल्या लहान मुलांनी दुर्बिणीतून चमचा पक्षी पाहिला, चपट्या चोचीने पाणी ढवळत चालणारा, आणि दुर्बीण परत द्यायला नकार दिला.

पुढे विंचूर. वाइन पार्कच्या रस्त्याने गाडी हळू घेतली, तर चालू आणि बंद अशा दोन्ही वाइनरी दिसतात. धोरण कुठे फळलं आणि कुठे नाही, ते तिथल्या पाट्यांवर वाचता येतं. मग पैठण्यांचं येवला. लग्नाला आलेल्या बायकांना येवल्याचं वेगळं आमंत्रण लागत नाही, पण माझा हट्ट होता की दुकानाआधी मागाचं घर पाहायचं. एका विणकर कुटुंबाच्या पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग होता. घरातली सून बसली होती. पदरावरच्या मोराच्या प्रत्येक रंगासाठी रेशमाची वेगळी कांडी, ताण्यातून ती हाताने फिरवायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची, मग फणीने ठोकायचं. तासाभरात बोटाच्या पेराएवढं काम पुढे सरकतं. म्हणूनच पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. पैठणी खरी की यंत्रावरची, हे ओळखायचं असेल तर पदर उलटून पाहायचा. “दुकानात सगळे काठ बघतात, तुम्ही मागून बघा,” ती म्हणाली. मुलाच्या काकांना पुन्हा गोवर्धनची श्रेणी आठवली. विणकराकडे आज कुणी ठेव ठेवेल का, असं त्यांनी विचारलं. सुनेच्या सासऱ्यांनी उत्तर दिलं की ठेव नको, साडी बुक करताना आगाऊ रक्कम दिली तरी रेशीम उधारीवर आणावं लागत नाही. काकांनी तिथेच धाकट्या मुलीच्या लग्नासाठी एक साडी सांगितली आणि आगाऊ रक्कम दिली. ती तयार व्हायला काही महिने लागणार होते आणि त्यांना घाई नव्हती.

पुण्याच्या मंडळींनी परतताना सिन्नरला थांबावं. यादवकाळातलं गोंदेश्वराचं देऊळ महामार्गापासून जवळ आहे. मधे शिवाचं मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळं, असं हे पंचायतन जवळजवळ अखंड उभं आहे. काळा दगड दुपारच्या उन्हात तापतो, तेव्हा संध्याकाळची वेळ साधली तर मंडपाच्या खांबांवरचं कोरीवकाम नीट दिसतं. मुंबईकरांनी येतानाच इगतपुरी-घोटीकडे वळून संजेगावच्या बाजूची एखादी वाइनरी पाहावी. तिकडची हवा ओलसर, पाऊस जास्त, आणि बागांची राखणही वेगळी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटाचा वेळ वाचतो. तो वाचलेला वेळ इथे घालवावा. देवदर्शन करायचं तर त्र्यंबकेश्वर आहेच, पण लग्नाच्या गर्दीच्या दिवसांत तिथे रांगेत अर्धा दिवस जातो, हे घरातल्या ज्येष्ठांना आधी सांगून ठेवलेलं बरं. काळारामाचं दर्शन गावातच होतं. त्याच दारात १९३०च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला, हे मुलांना तिथे उभं राहून सांगावं.

यजमानांसाठी थोडं. पत्रिकेबरोबर पाहुण्यांना खोलीचा नंबर आणि पोशाखाचा रंग कळवला जातो. त्यातच रविवारची सकाळ मोकळी आहे आणि लेण्यांकडे, बागेकडे गाड्या किती वाजता सुटतील हे लिहावं. वाइनरींच्या फेऱ्या मराठीत मिळतात, पण आधी सांगावं लागतं, आणि दिंडोरीकडे तर वेळ घेऊनच जावं. शनिवार-रविवारी दुपारनंतर मुंबईची गर्दी लोटते, तेव्हा सकाळच धरावी. २६ जानेवारीच्या आसपास लग्न असेल तर त्या दिवशी विक्री बंद असते. तोडणी पाहायची असेल तर कुठल्या बागेत कोणत्या दिवशी कात्री लागणार हे आदल्या संध्याकाळीच कळतं, कारण ब्रिक्स रोज मोजतात आणि निर्णय रोज बदलतो. त्यासाठी बागायतदाराचा नंबर घेऊन ठेवायचा, आणि त्याने पहाटे चारला फोन केला तर उठायची तयारी ठेवायची.